ठिपकेवाली मुनिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुनिया म्हणजे नेमका कोणता पक्षी?

मुनिया किंवा मनोली हे एका पक्ष्याचं नाव नाही. महाराष्ट्रात या नावाखाली चार-पाच जाती येतात: ठिपकेवाली, पांढऱ्या गळ्याची, लाल, तीनरंगी आणि घाटाकडे पांढऱ्या कंबरेची. इथली माहिती मुख्यतः ठिपकेवाल्या मुनियेची आहे, कारण बाल्कनीत, बांधावर आणि बागेत लोकांना भेटते ती बहुतेक हीच. बाकीच्या जाती ओळखताना घोटाळा होतो तिथे त्यांचाही उल्लेख केला आहे.

शास्त्रीय नाव लोन्चुरा पंक्ट्युलाटा. लिनियसने १७५८ साली या जातीचं वर्णन केलं. कुळ एस्ट्रिल्डिडी, म्हणजे पिंजऱ्यात सर्रास दिसणारी ऑस्ट्रेलियन झेब्रा फिंच तिची नातलग. चिमणी आणि सुगरण शेजारच्या कुळांतल्या.

ती ओळखायची कशी?

आधी आकार बघा. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम ११ सेंटिमीटर, वजन १२ ते १६ ग्रॅम. चिमणीच्या शेजारी बसली तर पिल्लू वाटावं इतकी लहान. मग चोच: आखूड, जाड, त्रिकोणी, गडद राखाडी. पाठ तपकिरी, चेहरा आणि गळा त्याहून गडद, तांबूस चॉकलेटी. खरी खूण छातीवर आणि कुशीवर असते. पांढऱ्या पिसांना तपकिरी कडा असल्यामुळे तिथे माशाच्या खवल्यांसारखी नक्षी दिसते. पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. शेपटीच्या वरच्या बाजूला पिवळसर ऑलिव्ह झाक असते, पण ती ऊन पडल्याशिवाय कळत नाही.

‘ठिपके’ शोधू नका, खवले शोधा. लांबून ते दोन्ही दिसत नाहीत, नुसती मळकी छाती दिसते. अशा वेळी गडद गळा आणि जाड चोच यांवर भरवसा ठेवा.

आवाज बारीक, ‘किटी-किटी’ असा. थवा उठताना सगळ्या एकदम ओरडतात.

थव्यात काही पक्षी अगदी साधे तपकिरी दिसतात. ती वेगळी जात का?

नाही, ती त्याच वर्षीची पिल्लं. वरून फिकट तपकिरी, खालून मातकट, खवल्यांचा पत्ता नाही, चोच मात्र गडद. पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळाभर थव्यात त्यांचं प्रमाण मोठं असतं. पिसं बदलत असताना छातीवर कुठे कुठे चार-दोन खवले उगवलेले पक्षीही दिसतात. सर्वाधिक चुकीच्या नोंदी याच काळात होतात, कारण पिल्लांचा वेगळा थवा पाहून लोक ‘पांढऱ्या गळ्याची मुनिया’ लिहून मोकळे होतात.

मग पांढऱ्या गळ्याची मुनिया वेगळी कशी ओळखायची?

शेपटी बघा. पांढऱ्या गळ्याच्या मुनियेची शेपटी काळी, लांब आणि टोकाला अणकुचीदार असते. उडताना शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा चमकतो. चोच निळसर राखाडी, चांदीची झाक असलेली. ठिपकेवालीच्या पिल्लाची शेपटी त्यामानाने आखूड असते आणि कंबर पांढरी नसते.

जागेवरूनही अंदाज येतो. पांढऱ्या गळ्याची मुनिया कोरड्या प्रदेशाची: सोलापूरकडचे नान्नजचे माळ, सुप्याचा परिसर, बाभळी-बोरींची झुडपं. कोकणातल्या भातखाचरात तुम्हाला ती वाटली असेल, तर पुन्हा एकदा बघा. पठारावर मात्र दोन्ही एकाच बांधावर भेटू शकतात.

सुगरणीची मादी हा दुसरा घोटाळा. ती जवळपास चिमणीएवढी असते, पाठीवर गडद रेघा असतात आणि डोळ्यावर फिकट भुवई. मुनियेच्या पाठीवर अशा ठळक रेघा नसतात.

लाल मुनिया उन्हाळ्यात दिसेनाशी होते. ती कुठे जाते?

बहुधा कुठेच जात नाही, रंग उतरवते. लाल मुनियेचा नर विणीच्या काळात गडद लाल, त्यावर पांढरे ठिपके, असा असतो. वीण संपली की तो मादीसारखा मातकट होतो. या कुळात असा हंगामी पेहराव फार विरळा. चोचीचा रंगही वर्षाच्या चक्रात फिरतो: मे महिन्यात ती लाल होऊ लागते, नोव्हेंबर-डिसेंबरात गडद होत जाते आणि एप्रिलपर्यंत काळी पडते. साध्या पेहरावातही शेपटीच्या मुळाशी लाल रंग टिकून राहतो, तो शोधावा. तळ्याकाठच्या पाणकणसात आणि उंच ओल्या गवतात ऑगस्ट ते डिसेंबर शोधलीत तर नर रंगात सापडतो.

ठिपकेवाली असा रंग बदलत नाही. एकदा खवले आले की बारमाही तीच नक्षी.

नर आणि मादी कसे ओळखायचे?

नुसतं बघून नाही ओळखता येत. नराचा गळा किंचित गडद असतो असं पुस्तकांत असतं, पण जोडी शेजारी बसलेली नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. खात्रीची खूण म्हणजे गाणं, कारण गातो तो नर. अंग ताठ करून, पोटाची पिसं फुगवून, चोच हलवत तो गातो, आणि तरीही चार-पाच मीटरवर जेमतेम ऐकू येतं. बरेच लोक ‘चोच हलतेय पण आवाज नाही’ असं कळवतात. आवाज असतो, रहदारीत आपल्यापर्यंत पोचत नाही.

ती राहते कुठे?

जिथे गवत बियांवर येतं तिथे. भातशेती, उसाच्या कडा, नदीकाठ, पडीक जमिनी, झुडपी माळ, शहरातले रिकामे प्लॉट, रेल्वेच्या कडेची गवतं. घनदाट जंगल आणि वायव्येकडचं वाळवंट ती टाळते. भारत, श्रीलंका आणि तिथून आग्नेय आशियात फिलिपिन्सपर्यंत तिचा मूळ पसारा आहे.

‘आमच्या सोसायटीत पूर्वी यायच्या, आता येत नाहीत’ ही तक्रार नेहमीची. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम झालं की गवत जातं, हे उघड आहे. दुसरं कारण कमी लक्षात येतं: सोसायटीतलं गवत दर पंधरा दिवसांनी मशीनने कापलं जातं. हिरवळ छान दिसते, पण त्या गवताला तुरा कधीच येत नाही, आणि तुरा नाही म्हणजे मुनियेच्या दृष्टीने ती फरशीच.

काय खाते आणि कसं खाते?

मुख्यतः गवताच्या बिया. गिनी गवत, भातातला पाखड, माळावरचं मारवेल, शिवाय भात, नाचणी, राळा. घाणेरीची फळं आणि थोडे किडेही खाते. विणीच्या आधी शेवाळ खाल्ल्याच्याही नोंदी आहेत, त्यात प्रथिनं भरपूर असतात.

खाण्याची पद्धत दुर्बिणीतून निवांत बघण्यासारखी आहे. उभ्या काडीवर ती बसते, काडी वाकते, तेव्हा दुसऱ्या पायात शेजारची काडी धरून तोल सांभाळते. तुरा हाताशी येत नसेल तर चोचीने ओढून पायाखाली दाबून धरते. मग एकेक दाणा चोचीच्या कडेला घेऊन जिभेने फिरवत राहते आणि खालची चोच भराभर हलवते. टरफल चोचीच्या बाजूने गळून पडतं, दाणा आत जातो. गिळलेले दाणे पेषणीत भरडायला बारीक खडे लागतात, म्हणून थवा कच्च्या रस्त्यावर उतरून काहीतरी टिपताना दिसतो. सुक्या बियांवर जगणाऱ्या पक्ष्याला पाणी रोज लागतं. उन्हाळ्यात ती हमखास बघायची असेल तर गळका नळ किंवा पाझर गाठा.

थव्यात त्या कशा वागतात?

थवा दहा-बारापासून शंभरापर्यंत असतो, सुगरणी आणि इतर मुनियाही त्यात मिसळतात. उडण्याआधी शेपटी आणि पंख झटकण्याची लकब दिसते. आपण निघतोय हे इतरांना कळवण्याचा तो इशारा असावा.

खाताना सगळ्या सारख्या राबत नाहीत. काही जणी दाणे शोधतात, काही त्यांच्यावर नजर ठेवून आयत्या जाऊन बसतात. या उचलेगिरीचा हिशेब कसा जमतो यावर कॅनडात याच जातीच्या मुनिया घेऊन बरीच वर्षं प्रयोग झाले. आयतं खाणाऱ्या वाढल्या की शोधणाऱ्या कमी पडतात, मग आयत्यांनाही शोधायला लागावं लागतं.

रात्री एकाच फांदीवर एकमेकींना चिकटून ओळीने बसतात. कडेची मुनिया उबेसाठी सरकत, ढकलत मध्ये घुसते, मग नवी कडेची तेच करते, आणि अंधार पडेपर्यंत ओळ हलत राहते. एखादीला पिसं साफ करून हवी असली तर ती हनुवटी वर करून शेजारणीपुढे धरते.

पिकाचं नुकसान करतात का? उपाय काय?

करतात, विशेषतः दाणा दुधात असताना. भात, नाचणी, राळा, बाजरी यांचे कोवळे दाणे चोचीत दाबून त्यातलं दूध घेतात, त्यामुळे कणीस उभं दिसतं पण आत पोकळ. मोठा फटका बहुतेक वेळा सुगरणी, चिमण्या आणि पोपटांचा असतो. मुनिया तणांच्या बियाही तेवढ्याच खातात, हेही खरं.

काय उपयोगी पडतं:

- गावात पेरणी एकाच सुमारास करणं. एकटंच शेत आधी किंवा उशिरा पिकलं तर सगळा परिसर त्यावर उतरतो. राखणीवर जास्त खर्च नेहमी याच शेताचा होतो.
- बाजरीची केसाळ कणसाची वाणं. कुसळांमुळे पक्ष्याला दाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.
- चमकणारी फीत. पिकाच्या वर हातभर, दोन काठ्यांमध्ये, तीन-चार पीळ देऊन थोडी सैल बांधावी. ताठ आणि सपाट बांधली तर ती वाऱ्यात फडफडत नाही, आवाजही करत नाही. दाणा भरण्याच्या आधी बांधली तर काढणीपर्यंत पक्षी सरावतात. त्यामुळे दूध भरायला लागलं की मगच बांधावी.
- राखण. पक्षी सर्वांत जास्त सकाळचे पहिले दोन-तीन तास आणि संध्याकाळी खातात. दुपारी बारा वाजता गोफण फिरवून फार हाती लागत नाही.

बारीक नायलॉनचं सैल जाळं लावू नका. मुनिया त्यात अडकून मरतात, मागोमाग धामणही अडकते, आणि उंदीर आवरणारा प्राणी शेतातून जातो. जाळं लावायचंच असेल तर ताणून, जमिनीपासून वीतभर वर ठेवा.

वीण कधी होते? घरटं कसं असतं?

आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यात, जून ते ऑक्टोबर. गवत कोवळ्या बियांवर यायला आणि पिल्लं अंड्यातून बाहेर पडायला एकच गाठ पडते.

घरटं म्हणजे गवताचा मोठा, अघळपघळ गोळा, नारळाहून थोडा मोठा, प्रवेश बाजूने. बाहेर रुंद पाती, बांबूची पानं आणि सुटलेली टोकं, आत मऊ तुरे. नर-मादी दोघं बांधतात. एकट्या उभ्या काटेरी झाडाच्या, बाभूळ-हेकळीसारख्या झुडपाच्या खालच्या फांद्या त्यांना पसंत. शहरात अरेका पाम, मोरपंखी, बोगनवेल, मधुमालती, दिव्याचा कोनाडा, एसीच्या बाहेरच्या डब्यामागची फट, काहीही चालतं.

अंडी पांढरी, ४ ते ६, कधी जास्तही. दोघंही आळीपाळीने उबवतात, साधारण दोन आठवडे. त्यानंतर सुमारे तीन आठवडे पिल्लं आत. उडाल्यावरही काही दिवस ती रात्री झोपायला परत येतात, म्हणून ‘घरटं रिकामं झालं’ असं पहिल्या दिवशीच ठरवू नका.

पांढऱ्या गळ्याची मुनिया इथे काटकसर करते. सुगरणीचं टाकून दिलेलं घरटं सापडलं तर तेच वापरते.

बाल्कनीत घरटं बांधतायत. काय करू?

बांधणं, अंडी, पिल्लं मिळून दीड ते दोन महिने धरा. तेवढा काळ त्या वेलीला कात्री लावू नका, कुंडी हलवू नका. पाणी मुळाशी घाला, पाइपने फवारू नका. घरट्याचा प्रवेश जिकडे आहे ती खिडकी शक्यतो बंद ठेवा. बाकी कपडे वाळत घालणं वगैरे रोजची ये-जा चालू द्या. त्या वर्दळीत बांधायला सुरुवात केली आहे म्हणजे ती त्यांना मान्य आहे.

बिघडतं ते बहुधा मोबाइलमुळे. रोज आत डोकावून फोटो घेतला की पालक उबवणं सोडतात किंवा कावळ्याला जागा कळते. पाने बाजूला सारून फोटो काढला तर ती पुन्हा जागेवर येत नाहीत आणि घरटं उघडं पडतं. कावळा, भारद्वाज, मांजर आणि साप हे नेहमीचे शत्रू. मांजर चढत असेल तर खांबाला गुळगुळीत पत्रा गुंडाळा, दोन फूट रुंद.

एसीच्या डब्यामागे असेल तर पंख्याच्या पात्यापर्यंत गवत पोचतंय का एवढं बाहेरून बघा. पोचत नसेल तर एसी चालवायला हरकत नाही. अंडी घालण्याआधीच लक्षात आलं आणि जागा खरंच धोक्याची असेल, तर पहिल्या दोन दिवसांत आणलेलं गवत काढून फट बुजवा. अंडी पडल्यावर मात्र हात लावू नका.

पिल्लू खाली पडलं आहे.

पिसं नसतील आणि घरटं दिसत असेल तर हलक्या हाताने परत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून आई टाकून देते हा निव्वळ समज आहे. पिसं आली असतील, उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय. मांजरापासून दूर जवळच्या झुडपात ठेवा आणि निघून जा. तुम्ही उभे असाल तोवर पालक येत नाहीत.

दूध, ब्रेड, भिजवलेली पोळी देऊ नका आणि ड्रॉपरने तोंडात पाणी सोडू नका, ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावतं. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात कापडावर, अंधारात, उबेला ठेवा आणि महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

दाणे ठेवावेत का? कोणते, किती?

ठेवायला हरकत नाही, पण लहान दाणे ठेवा. राळा दोन भाग, नाचणी एक भाग, बारीक बाजरी एक भाग, सगळं कच्चं आणि कोरडं. दिवसाला दोन-तीन चमचे पुरेत. संध्याकाळी उरलेलं काढून टाका. पावसाळ्यात ओले दाणे एका दिवसात बुरशी धरतात आणि ती बुरशी पक्ष्यांना मारते. ताटली आठवड्यातून एकदा साबण-गरम पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. फरसाण, शिजलेला भात, बिस्किटं नकोत.

ताटलीत बाजरी टाकली की पारवे येतात आणि मुनिया पळतात. उपाय म्हणजे टांगती नळी आणि तिला दोन बोटं लांबीच्या काड्या. पारव्याला तिथे बसता येत नाही. पाण्याचं भांडं उथळ हवं, पाणी दोन-तीन सेंटिमीटर, रोज बदललेलं.

याहून सोपा मार्ग असा: बारा इंची कुंडीत जूनमध्ये चिमूटभर राळा फेका. साधारण तीन महिन्यांत कणसं लोंबतात. ती कापू नका. जमीन असेल तर एका कोपऱ्यातलं गवत जुलै ते डिसेंबर कापू नका. घरटं बांधायला पातीही तिथूनच जातात.

पाळता येते का? दुकानात तर मिळते.

नाही. भारतातल्या सगळ्या मुनियांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे आणि १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळं गुन्ह्यात येतं. झेब्रा फिंच आणि बेंगॉली फिंच हे पिंजऱ्यात पैदास झालेले विदेशी पक्षी आहेत. त्यातली बेंगॉली ही पांढऱ्या कंबरेच्या मुनियेपासून जपानमध्ये माणसाळवलेली.

बाजारात ठिपकेवाल्या मुनियांना हिरवा, गुलाबी, पिवळा रंग देऊन ‘परदेशी’ म्हणून विकतात. खरी हिरवी मुनिया फक्त भारतात आढळते, माउंट अबूच्या परिसरात ती बघायला लोक मुद्दाम जातात, आणि ती धोक्यात आहे. रंगवलेला पक्षी ओळखायचा तर पंखाखालची पिसं आणि पिसांची मुळं बघा, तिथे रंग पोचलेला नसतो. चोच आणि पायांवर मात्र डाग असतात. ‘दया येते म्हणून विकत घेऊन सोडतो’ असं करू नका. विक्रेत्याला तेवढीच मागणी दिसते आणि तो आणखी पकडून आणतो. वन विभागाला कळवा.

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. इथे अंगणात हाच पक्षी दिसतो, शक्य आहे का?

शक्यच नव्हे, नेहमीचं आहे. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांपासून दक्षिण कॅलिफोर्नियात, विशेषतः लॉस एंजेलिसच्या आसपास, त्यांची वस्ती पक्की झाली आहे. ह्यूस्टनकडेही आहेत. हवाईत त्या एकोणिसाव्या शतकातच नेल्या गेल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरही त्या पसरल्या आहेत. तिकडे तुमच्या नोंदीत ती आणलेली जात म्हणून लिहायची.

खाऊ घालायचं असेल तर मिश्रणातली पांढरी बारीक मिलेट त्या निवडून खातात, सूर्यफुलाची मोठी बी त्यांच्याकडून फुटत नाही. पक्ष्यांसाठी दुकानात मिळणारं काळं बारीक ‘नायजर’ म्हणजे आपले कारळेच. ते उगवू नयेत म्हणून तापवून विकतात, त्यामुळे चटणीसाठी ती पिशवी घेऊ नका.